वाडीची वाट

पन्नाशी उलटलेला माणूस पहाटे चारला उठून, आवाज होऊ न देता दाराची कडी काढू लागला, की घरच्यांना दोनच शंका येतात. एक तर त्याला देवाचा नाद लागला असावा, नाहीतर डॉक्टरने काहीतरी भयंकर सांगितले असावे. माझ्या बाबतीत दोन्ही खरे नव्हते. मी पळायला जात होतो. पण हे कारण आमच्या घरात कुणालाच पुरेसे वाटत नसे. "कुणी मागे लागलंय का, बाबा?" असे माझी मुलगी विचारी. बायको काही विचारत नसे. ती फक्त माझे घामाने भिजलेले कपडे दोन बोटांच्या चिमटीत धरून बादलीत सोडी, आणि त्या चिमटीत तिचे या विषयावरचे सारे मत आलेले असे.

खरे सांगायचे तर मी का पळतो हे मलाही नीट सांगता येत नसे. बँकेतल्या एका तरुण सहकाऱ्याशी पैज लागली आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी आयर्विन पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेलो, एवढीच काय ती सुरुवात. पलीकडे पोचलो तेव्हा कठड्याला धरून इतका वेळ उभा होतो, की सांगलवाडीचा एक भला माणूस जवळ येऊन "काही घरगुती अडचण आहे का?" असे हलक्या आवाजात विचारून गेला. पुढे पाच किलोमीटर झाले, दहा झाले, एकवीस झाले. ज्याला एकदा आकड्यांची गोडी लागली त्याची सुटका नाही, आणि मी तर बँकेतला माणूस. गेल्या वर्षी मी मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरॅथॉनला नाव घातले. पुरी मॅरॅथॉन. ती मी पुढे पारही पाडली, पण तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते तिच्या आधीच्या एका रविवारचे.

मॅरॅथॉनचे अंतर ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. हे वरचे चिल्लर कुठून आले याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९०८ साली लंडनला ऑलिंपिक झाले, तेव्हा शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करायची आणि क्रीडांगणात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची असे ठरले. दोहोंमधले अंतर जे भरले ते भरले. १९२१ साली तेच कायमचे ठरवून टाकले. म्हणजे आज जगभरची माणसे शेवटी जे काही पाय ओढतात, ते इंग्लंडच्या राजघराण्याला बसल्या जागेवरून नीट दिसावे म्हणून! आमच्या या मुलखालाही ही शर्यत अगदीच परकी नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरॅथॉन धावले आणि १९ वे आले. पण आमच्या पळणाऱ्यांच्या मेळाव्यात जुन्या लोकांचा विषय निघाला, म्हणजे मी फडेप्पांचे नाव घेत नसे. मी माझ्या आईचे नाव घेई.

आई दर पौर्णिमेला सांगलीहून नरसोबाच्या वाडीला पायी जात असे. माझ्या लहानपणची एकही पौर्णिमा मला तिच्या त्या पहाटेच्या चाहुलीवाचून आठवत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या तांब्याचा आवाज येई, मग दाराबाहेर बायकांचे दबलेले बोलणे, आणि मग काही नाही. वाडी आमच्या घरापासून कृष्णाकाठच्या वाटेने २२ किलोमीटर. जाऊन येऊन ४४. म्हणजे राजघराण्याच्या सोयीपेक्षाही जवळजवळ दोन किलोमीटर अधिकच! तेही अनवाणी, पाचवारी पातळात, आणि तेही माझ्यासाठी. मी दोन वर्षांचा असताना विषमज्वराने अगदी हातचा गेलो होतो. तेव्हा आईने नरसोबाला पायी वारी बोलली. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती, की ती माझ्या जन्मदाखल्यालाच जोडल्यासारखी झाली होती. पळणाऱ्या तरुण मुलांना मी ऐटीत सांगत असे, "तुम्ही वर्षाकाठी एक करता. माझी आई महिन्याला एक मॅरॅथॉन करायची." मुले तोंडात बोट घालीत. आईच्या पुण्याईवर फुकट मिळणारा मान घ्यायला कुणाला आवडत नाही?

पण त्या बढाईच्या पोटात एक काटा होता, तो मी कुणाला दाखवत नसे. २००३ सालची गोष्ट. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री आई माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "गुडघे नको म्हणताहेत रे आता. ही बहुतेक शेवटची. एकदा तू चल की बरोबर." बँकेत तेव्हा ऑडिटर बसले होते. माझ्या टेबलावर कागदांचे डोंगर होते. मी मान वर न करता म्हणालो, "आई, रविवारी गाडीनं नेऊन आणतो ना तुला. दोन तासांत परत." ती "बरं" म्हणाली आणि पहाटे एकटीच, म्हणजे तिच्या बायकांबरोबर, गेली. ती शेवटचीच ठरली. रविवारी मी तिला गाडीने नेली नाही हेही सांगून टाकतो. ऑडिट लांबले.

तेव्हा गेल्या वर्षी जेव्हा तालमीतली सर्वांत लांबची धाव घ्यायची वेळ आली, तेव्हा मी मनाशी वाडीच ठरवली. आमच्या मेळाव्यात एक निवृत्त व्यायामशिक्षक आहेत, त्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो. लांबच्या पल्ल्याचे त्यांचे शास्त्र पक्के आहे. ते सांगतात, तालमीत ३२ किलोमीटरच्या पुढे जायचे नाही. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. मग शरीर चरबी जाळून गाडी ओढू पाहते, पण ती चूल सावकाश पेटणारी. त्या वेळी माणसाला समोर भिंत उभी राहिल्यासारखे वाटते. ती भिंत शर्यतीच्या दिवशी एकदा फोडायची. तालमीत रोज डोके आपटून घेण्यात अर्थ नाही, कारण मोडलेले अंग भरून यायला आठवडे लागतात. मी मान डोलावली आणि मनात म्हटले, गुरुजी, तुम्हाला काय ठाऊक, ही तालीम नाही. हा एक थकलेला हप्ता आहे.

दिवाळी संपून आठवडा झाला होता. मी पहाटे बरोबर पाचला गणपतीच्या देवळासमोर हात जोडले, मनगटावरचे घड्याळ चालू केले आणि हरिपूरच्या रस्त्याला लागलो. कमरेच्या पट्ट्यात पाण्याची बाटली आणि कागदात गुंडाळलेले दोन बेसनाचे लाडू. हल्लीची मुले पळताना नळीतून एक गोड चिकट पदार्थ पिळून खातात. दिवाळी नुकती झालेली असताना ते खाणे मला आमच्या घरच्या लाडूंचा अपमान वाटला.

हरिपूरचा रस्ता अंधारात पळावा. दिवसा तो साधा रस्ता असतो, पण पहाटे दोन्ही बाजूंची जुनी झाडे वर एकमेकांत मिसळून जातात आणि आपण एखाद्या लांबलचक वाड्याच्या ओट्यावरून चाललो आहोत असे वाटते. नदी दिसत नाही, तिचा गारवा फक्त उजव्या गालाला लागतो. हरिपूर म्हणजे 'शारदा' लिहिणाऱ्या देवलांचे गाव. पण माझ्या लहानपणी ते आम्हाला ठाऊक होते ते हळदीच्या पेवांसाठी. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत शेकडो पोती हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. पेव उघडले की आत लगेच उतरायचे नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते, असे वडील सांगत. २००५ च्या पुराने त्यांतल्या बहुतेकांत पाणी शिरले आणि तो सारा व्यवहारच बुडाला. संगमाशी पोचलो तेव्हा वारणा कृष्णेला मिळते तिथे नुसते पांढरे धुके होते.

पुढे इनाम धामणी, मग अंकली. रस्ता नदीकाठचा आहे असे आपण म्हणतो, पण नदी काही शिष्टाचार पाळून रस्त्याच्या शेजारून चालत नाही. ती मध्येच वळण घेऊन कुणाच्या मळीच्या रानात शिरते, अर्धा तास दिसत नाही, आणि तुम्ही तिला विसरलात की एकदम समोर येऊन उभी राहते. अंकलीच्या पुलावर ती अशी समोर आली. शेजारच्या लोखंडी पुलावरून मिरजेकडून येणारी गाडी धडधडत गेली, तिच्या खिडक्यांचे उजेड पाण्यावर पळाले. मीही क्षणभर तिच्या जोडीने पळालो. छप्पन्नाव्या वर्षी माणसाने आगगाडीशी शर्यत लावू नये, पण पाहायला कुणी नव्हते.

उदगाव संपले आणि शिरोळ तालुक्यातला तो ऊसच ऊस सुरू झाला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये काळ्या मातीची पाणंद, आणि पाचटाचा तो ओलसर गोड वास. साखर कारखान्यांचे दिवस जवळ आले होते. ऊसतोडकऱ्यांच्या खोपी कुठे कुठे उभ्या राहिल्या होत्या आणि एका खोपीपुढे एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तव्याकडे पाहिले. गावातल्या घरांच्या भिंतींवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले होते. इकडे तर ते घराघरांत होते. रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. पळता पळता ती डोळ्यांसमोरून सरकत राहते आणि आपण पाण्याच्या तळातून पळतो आहोत असे वाटू लागते.

चिंचवाड मागे टाकले तेव्हा डाव्या बुटात खडा गेला. रस्त्याच्या कडेला नदीच्या अंगाला एक दगड होता, त्यावर टेकलो. टेकण्यापूर्वी घड्याळ थांबवायला विसरलो नाही. खडा काढण्यात गेलेला वेळ माझ्या हिशेबात धरला जाऊ नये, एवढी दक्षता मी घेतली होती. घड्याळ १३ किलोमीटर दाखवत होते. नदीपलीकडे तांबडे फुटत होते बहुधा. मी नाडी घट्ट केली, घड्याळ चालू केले आणि निघालो.

अर्जुनवाड, शिरोळ. शिरोळ सोडले की वाडीचे वारे लागते. एक लाडू खाल्ला. पावणेआठच्या सुमारास वाडीत शिरलो तेव्हा पेढ्यांची दुकाने उघडली होती, कवठाच्या बर्फीच्या वड्या मांडणे चालू होते, आणि काठावरच्या बायका कृष्णाकाठची ती प्रसिद्ध वांगी टोपल्यांत रचून बसल्या होत्या. खाली घाटाकडे घंटा वाजत होती. पायऱ्या उतरून पादुकांपर्यंत जायचे तर बूट काढायला हवे होते. बूट काढले की सुजलेला पाय पुन्हा आत जायला कुरकुर करतो, आणि घड्याळ तर चालूच होते. मी वरूनच हात जोडले, बाटली भरून घेतली आणि परत फिरलो. आईची अर्धी वारी मी पावणेतीन तासांत उरकली होती, याचा मला फार आनंद झाला होता.

तो आनंद आठ-नऊ किलोमीटर टिकला. ऊन चढले. ऊस आता सावली देत नव्हता, नुसता वारा अडवत होता. दुसरा लाडू तोंडात टाकला, तो गिळवेना. गुरुजींची भिंत कशी असते हे मी वाचले होते, पण ती समोर येते असे समजत होतो. ती समोर येत नाही. ती पोटऱ्यांतून वर चढते. आधी उजव्या पायात गोळा आला, मग डाव्या, आणि मग पाय कुणाचे आहेत याचाच निकाल लागेना. मी थांबलो. चाललो. पुन्हा पळायचा आव आणला. शेवटी रस्त्याकडेला एक दगड दिसला त्यावर जाऊन आदळलो. तो तोच दगड होता. घड्याळ ३१ दाखवत होते. या वेळी ते थांबवायचे मला सुचले नाही.

किती वेळ बसलो कोण जाणे. प्रथम नुसता पायांकडे पाहत होतो. मग लक्षात आले की मी सावलीत आहे. वर पाहिले तर चिंच होती. जुनाट, अवाढव्य. नदीकडची एक मोठी फांदी मुळापाशी मोडलेली, पुरानेच मोडली असावी, आणि तिच्या खोबणीत वाळलेले गवत आणि कापडाच्या चिंध्या पार माझ्या डोक्याच्या वर अडकून राहिलेल्या. बाकीचे झाड हिरवेगार होते. कोवळ्या चिंचा लोंबत होत्या. मळमळत होते म्हणून एक तोडून चावली. जन्मात काही इतके चांगले लागले नसेल.

एक शेतकरी मोटारसायकलवर दुधाचे कॅन लावून येत होता. तो थांबला.

"काय झालं ओ साहेब?"

"पायात गोळे आलेत."

"कुठनं आलासा?"

"सांगलीहून."

"गाडी बंद पडली?"

"नाही. पळत आलो."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे, मग मागे, माझ्या पाठीमागे कुणी लागले आहे का ते पाहिले. "बसा," तो म्हणाला, आणि दोन कॅनच्या मध्ये मला बसवून त्याने जयसिंगपूरच्या स्टँडवर आणून सोडले. वाटेत एक अक्षर बोलला नाही. वेड्या माणसाशी फार बोलू नये, हे त्याला घरच्यांनी शिकवलेले असावे.

वाडीहून येणारी एस.टी. भरलेली होती. पाच-सहा बायका मागच्या बाकांवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, चपला पिशवीत, टाचा धुळीने पांढऱ्या. एकीने सरकून मला जागा दिली. "चालत गेलतासा?" तिने विचारले. मी "पळत" म्हणालो. "कशापायी?" ती म्हणाली. मला उत्तर देता आले नाही. तिला माझी दया आली असावी. तिने पुड्यातला एक पेढा काढून कागदात बांधून दिला आणि म्हणाली, "घरी न्या. मोकळ्या हातानं जाऊ नये." मी त्या बायकांच्या टाचांकडे पाहत सांगलीपर्यंत आलो. पाहिले, पण पाहिलेले तेव्हाच्या तेव्हा कळतेच असे नाही.

आई खिडकीशी कार्तिकातल्या वाती वळत बसली होती. ती आता त्र्याऐंशीची आहे. पाय सुजतात, पण बोटे आणि कान अजून तिशीतले आहेत. माझ्या पावलांवरूनच तिला सगळे कळले असणार.

"लवकर आलास."

"हं."

"किती झालं?"

"एकतीस." मी पेढा तिच्यापुढे ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

"आणि मग कशानं आलास?"

चोरी पकडली जावी तसा मी म्हणालो, "एस.टी.नं."

"तेच बरं. वाडीहून एस.टी.च बरी पडते. आम्ही नेहमी दीडची धरायचो."

मला वाटले, माझ्या कानांतही गोळे आले आहेत. "धरायचो म्हणजे? परत येताना?"

"मग काय, चालत येणार?" आई म्हणाली. "चार वाजता घरात चहा कुणी टाकला असता? तुझ्या आजीनं?"

मी बँकेत पस्तीस वर्षे बेरजा करीत आलो आहे. पहाटे तीनला निघायचे, ताशी चार किलोमीटरने साडेआठ-नऊला वाडी, दर्शन, दुपारचा महाप्रसाद, आणि चारला मी शाळेतून येई तेव्हा चुलीपुढे आई! हे आकडे माझ्यापाशी लहानपणापासून होते. पण ही बेरीज मी एकदाही मांडून पाहिली नव्हती. निम्मे शहर मी तिच्या मॅरॅथॉनच्या गोष्टी सांगून भारावून टाकले होते.

"पण नवस पायी वारीचा होता ना?"

"वाडीला पायी येईन असा होता. परतीचं मी काही बोलले नव्हते. देवाशी बोलताना जपून बोलावं." तिने वात तळहातावर लांबवली. "आणि तो अकरा पौर्णिमांचा होता. तुला तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत फिटला. अनवाणीसुद्धा तेवढ्याच अकरा. पुढं मी चपला घालत होते."

"मग पुढची तीस वर्षं?"

तिने वात पुरी वळली, ती डब्यात ठेवली, नवा कापूस घेतला.

"पुढं मी माझी चालले."

मी काही बोललो नाही. ती आपणहून बोलू लागली, पण माझ्याशी नव्हे, कापसाशी बोलल्यासारखी. तेव्हा घरात तेरा माणसे होती. सकाळी उठल्यापासून कुणी ना कुणी हाक मारीत असे. हाकेला ओ दिली नाही असा दिवस नव्हता. वाड्यातल्या चार बायका आणि पलीकडच्या गल्लीतली शिंपीणबाई, अशा पाच जणी. पहाटे तीनला दार ओढून घेतले की दुपारपर्यंत त्यांना कुणी हाक मारणार नाही. अंकलीपर्यंत नामस्मरण. अंकलीचा पूल ओलांडला की गप्पा. शिंपीणबाई सगळ्यांच्या सासवांच्या नकला करायच्या, आईच्या सासूची सर्वांत हुबेहूब. उसातल्या कोल्ह्यांना वाटत असेल कुणाचे लग्न आहे, इतके हसायच्या. "तुझे बाबा एकदा म्हणाले, नवस फिटला ना, मग आता कशाला? मी म्हटलं, देवाला असं मोजून देऊ नये. देवाचं नाव घेतलं की कुणी अडवत नाही रे." मग थोडे थांबून ती म्हणाली, "आणि देव होताच की तिथं. तो काही खोटा नव्हता."

माझी आजी मला चांगली आठवते. तिची नक्कल माझ्या आईच्या हसण्याचा विषय असेल, ही कल्पनाच माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. खरे तर माझी आई अंधारात, रस्त्यावर, मोठ्याने हसते आहे, हे चित्रच माझ्यापाशी नव्हते. माझ्यापाशी होती ती अनवाणी, गंभीर, माझ्यासाठी झिजणारी बाई. ती मी तयार केली होती, आणि मला ती सोयीची होती.

"चिंचवाडच्या पुढं एक चिंच होती," आई म्हणाली. "तिथं बसून दशम्या खायचो. खाली एक घडीव दगड होता. बसलं की समोर नदी. तिथंच उजाडायचं बघ, रोज तिथंच. त्या पुरात गेली असेल आता."

"आहे," मी म्हणालो.

तिचे हात थांबले.

"नदीकडची फांदी मोडलीय. बाकी चांगली आहे. चिंचा धरल्यात."

"तू कशाला बघितलीस?"

"तिथंच पाय गेले माझे. त्या दगडावर बसलो होतो. दोनदा."

आईने माझ्याकडे नीट पाहिले. बऱ्याच वर्षांत कुणी माझ्याकडे असे पाहिले नव्हते. मग तिने पेढ्याचा कागद सोडला, अर्धा पेढा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. मला वाटले, आता ते बोलून टाकावे.

"आई, शेवटच्या पौर्णिमेला तू मला बरोबर चल म्हणाली होतीस. मी आलो नाही."

"कधी?"

"ऑडिट होतं बँकेत. चैत्रात. तुझे गुडघे दुखायला लागले तेव्हा."

तिने आठवून पाहिले. प्रामाणिकपणे पाहिले, हे मला दिसत होते. "असेल," ती म्हणाली. "मला नाही आठवत. बरं झालं नाही आलास ते. तू असतास तर शिंपीणबाईंना नकला करता आल्या नसत्या."

एकवीस वर्षे मी जे वागवत होतो ते तिने वातीच्या टोकासारखे चिमटून टाकले. मला हलके वाटायला हवे होते. थोडे वाटलेही. पण थोडे रिकामेही वाटले, हे कबूल केले पाहिजे. माणसाला आपल्या अपराधाचीही सवय होते.

बायको आतून गरम पाण्याची बादली घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या पायांशी ठेवून गेली. पाय पाण्यात बुडवले. आईने पुन्हा कापूस घेतला.

"मुंबईला किती चालायचंय?" तिने विचारले.

"पळायचंय. बेचाळीस."

"आणि येताना?"

"महालक्ष्मीनं. रात्रीची गाडी."

"मग झालं," आई म्हणाली.